चौसाळ्याची एडिशन

मी ज्या ग्रुपात आहे तिथं सव्वाशे माणसं आहेत आणि त्यातल्या एकालाही एखादं गाणं नुसतं आवडत नाही. नुसतं आवडणं आमच्यात कमीपणाचं समजतात. कुणी नवख्यानं 'मस्त आहे हे' असं लिहिलं की दिवसभर त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. आमच्यात गाण्याला पोत असतो, वजन असतं, ड्रमच्या मागं हवा असते. गिटार वाजत नाही, ती 'बोलायचं टाळते'. हे शेवटचं वाक्य माझंच आहे आणि ते लोकांनी वर्षभर जिथं तिथं चिकटवलं.

ग्रुप गिटारवाल्या बँडांचा, तेही कुणाला माहीत नसलेल्या. तीन-चार जण कुठल्यातरी थंड गावात गॅरेजमध्ये वाजवत असतात, त्यांना ऐकणारी मूठभर माणसं असतात, त्यातले आम्ही. ऐकणारे वाढले की आमचं तोंड वाकडं होतं. एका बँडचं गाणं बिस्किटाच्या जाहिरातीत वाजलं तेव्हा ग्रुपात सुतक पाळलं होतं. आठवडाभर कुणी त्या बँडचं नाव काढलं नाही, आणि नंतर काढलं तेही 'पूर्वी बरे होते' असं म्हणण्यापुरतं.

ग्रुपाचे कारभारी तिघं. एक पुण्याचा, त्याला मी मनातल्या मनात तबकडीवाला म्हणतो. फ्लॅटमधली एक अख्खी खोली त्यानं तबकड्यांना दिलीय, तिथं एसी चोवीस तास चालू असतो आणि आई हॉलमध्ये झोपते. हे त्यानंच एकदा अभिमानानं लिहिलं होतं आणि खाली चाळीस जणांनी बदाम टाकले होते. दुसऱ्या, ठाण्याच्या डॉक्टरीणबाई. त्या दातांच्या डॉक्टर. कमी बोलायच्या, पण विचारायच्या ते नेमकं दुखत्या दातावर. तिसरा मी.

मी पुण्याचा आहे असं ग्रुप समजतो. तसं मी कधी म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. दोन वर्षं तिथं कॉलेजात होतो ते खरं. नापास झालो, वडिलांनी गाडी पाठवून सामानासकट उचलून आणलं आणि बीडजवळच्या चौसाळ्यात हायवेच्या कडेला खतं, बियाणं, पाइप, दोरखंड असल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, तेव्हापासून तिथंच आहे. वडील एकेकाळचे सरपंच, आमची जमीन भरपूर, त्यामुळं नापास झाल्याचा फार बोभाटा झाला नाही. ग्रुपात कुणी 'तुमच्याकडं पाऊस आहे का' विचारलं की मी फोनवर आधी पुण्याचं हवामान बघायचो आणि मग 'रिपरिप चाललीय' असं लिहायचो. दारात ऊन असं पडलेलं असायचं की पाइपाला हात लावता यायचा नाही.

ग्रुपाला नियम एकच आणि तो माझा. न ऐकता बोलेल तो बाहेर. नाशिकच्या एकानं अजून बाजारात यायचाच होता अशा अल्बमवर भलंमोठं मत ठोकलं होतं, नुसतं चित्र बघून. मी त्याला असा सोलला की तो निरोप न घेताच गेला. त्या दिवशी मला कारभारी केलं. कुणाला काढायचं असेल तर तिघांनी मतं द्यायची, दोन झाली की बाहेर. तीन-चार जणांना आम्ही असं काढलं असेल. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. दुकानात मला दिवसभर 'युरिया आला का' याशिवाय कुणी काही विचारायचं नाही आणि तिथं सव्वाशे शिकलेली माणसं माझ्या एका शब्दाला टरकून होती.

दर रविवारी दुपारी एक अल्बम ठेवायचा आणि त्यावर सगळ्यांनी लिहायचं, अशी पद्धत. एका रविवारी तबकडीवाल्यानं बादलीचा अल्बम ठेवला. कव्हरवर पिवळी बादली आहे म्हणून मी त्याला बादलीचा अल्बम म्हणतो. तिघांचा बँड, एवढाच एक अल्बम काढून मोडला. वर्षानुवर्षं तो कुठल्याच अॅपवर नव्हता, नुकताच आला होता. ते नाव मी दोनदा वाचलं, कारण या एका अल्बमवर मी आजवर कुणाशी एक अक्षरही बोललो नव्हतो.

तो मला मेमरी कार्डावर मिळाला होता. पुण्याहून आणून बसवलं त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलत नव्हतो. बसस्टँडसमोर माझ्या वर्गमित्राचं मोबाइलचं दुकान होतं, अजून आहे. तेव्हा तो कार्ड भरून द्यायचा. म्हणजे आपण कार्ड द्यायचं, 'डीजे भर', 'भक्ती भर', 'जुनी भर' असं सांगायचं, आपला चहा पिऊन होईस्तोवर तो कॉम्प्युटरवरून गाणी भरून द्यायचा. आसपासच्या गावांचा सगळा गाण्याचा पुरवठा त्या एका टेबलावरून व्हायचा. मी म्हणालो, इंग्लिश भर. त्यानं माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि भरून दिलं. त्यात इतर भंगाराबरोबर दहा गाण्यांचा हा अल्बम होता.

खरं सांगायचं तर तो मला नुसता आवडायचा. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकाला, असा मी तो गल्ल्यावर बसून शेकडो वेळा ऐकला असेल. फोन बदलले, लग्न झालं, दोन मुलं झाली, ते फोल्डर एका फोनमधून दुसऱ्यात येत राहिलं. बायको म्हणायची, "तेच तेच काय ऐकताव? दुसरं न्हाई का त्या लोकांकडं?" मी तिला समजावायच्या फंदात पडलो नाही. सगळ्यात शेवटचं गाणं आलं की मी गिऱ्हाइकाला बोट वर करून थांबवायचो.

त्या रविवारी मी तासभर बसून लेख लिहिला. अॅप उघडलंच नाही. उघडायची गरज काय, अल्बम तोंडपाठ होता. पहिलं गाणं इतकं हळू का ठेवलंय, चौथ्यानंतर एकदम सातव्यापर्यंत दम का घेऊ देत नाहीत, क्रमामागं केवढा विचार आहे, हे मी सविस्तर मांडलं. आणि शेवटच्या गाण्याबद्दल लिहिलं: 'शेवटच्या ओळीत तो कुणालातरी हाक मारतो आणि नाव पुरं व्हायच्या आत गाणं संपतं. हाकेला ओ मिळाली की नाही, आपल्याला कळत नाही. आयुष्यात बऱ्याच हाकांचं असंच होतं. ते कळू नये म्हणूनच त्यांनी गाणं तिथं तोडलंय. एवढा धाडसी शेवट मी दुसरा ऐकलेला नाही.'

बदामांचा पाऊस पडला. तबकडीवाल्यानं तो लेख ग्रुपाच्या बाहेरच्या पानावरही टाकला, खाली ग्रुपात यायची लिंक देऊन. मी बायकोला म्हणालो, आज जेवायला उशीर झाला तरी चालेल.

पाऊण तासानं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'शेवटचं गाणं तुटत नाही. पाच मिनिटांचं आहे. आणि ते शेवटचंही नाही, तिसरं आहे. तुम्ही कुठला अल्बम ऐकलाय?'

मी अॅप उघडलं. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. माझं पहिलं गाणं तिथं आठवं, माझं चौथं तिथं शेवटचं. माझ्या शेवटच्या गाण्यापुढं पाच मिनिटं आणि काही सेकंद असं लिहिलं होतं. माझ्याकडचं अडीच मिनिटांत संपतं. मी ते लावून बघितलं नाही. फोन खिशात घातला आणि सरळ वर्गमित्राच्या दुकानात गेलो.

तो आता कार्ड भरत नाही, कव्हरं आणि काचा विकतो. मी त्याला फोनमधलं फोल्डर दाखवलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं.

"हे कार्डाच्या टायमचं हाय की बे. आजून ठिवलंस व्हय?"

"हे तू कुठून आणलंतं?"

"इंजिनेरिंगचं एक पोरगं लॅपटॉप रिपेरीला टाकून गेलतं. जे व्हतं ते समदं माझ्या कार्डावर घेतलं. तेच्यावरून तुमाला देत व्हतो."

"आन हे शेवटचं गाणं आर्धंच कावून हाय?"

"कार्ड फुल झालं आसंल, पुढलं मावलं नसंल."

"आन गाण्यांचा नंबर?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं यादीवर बोट ठेवून वरून खाली आणलं. "फोन एबीसीडीनंच लावतो की बे. तुला इतक्या वर्सांत दिसलं न्हाई? हे बघ ए, हे बी, हे डी. कालेजात काय शिकलास मग?"

मला दिसलं नव्हतं. गाण्यांच्या क्रमामागं केवढा विचार आहे, यावर मी दोन पानं लिहिली होती आणि तो विचार बालवाडीतला होता. गाणं तोडायचं धाडस कार्डानं केलं होतं. आणि माझ्याच नियमाप्रमाणं बोलायचं तर मी तो अल्बम ऐकलेलाच नव्हता. न ऐकता बोललो होतो. बाहेर जायचं कुणी, हे अगदी स्पष्ट होतं.

दुकानातून परत यायला पाच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात खरं सांगायचं ठरवलं असतं तर सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे कार्ड सांगावं लागणार, कार्ड म्हणजे चौसाळा, चौसाळा म्हणजे इतकी वर्षं पुण्यात पडलेली ती रिपरिप. मी गल्ल्यावर बसलो आणि लिहिलं, 'मी जपानी एडिशनबद्दल बोलतोय. तिचा क्रम वेगळा आहे आणि शेवटचं गाणं बँडनंच छोटं केलंय. गृहीत धरलं की इथं सगळ्यांना माहीत असेल, चूक माझी.'

चूक माझी, हे तर मी फार नम्रपणे लिहिलं होतं.

आता मला भीती होती ती, जपानी एडिशन म्हणजे काय, असं कुणीतरी विचारेल याची. आमच्या लोकांना मी इतकी वर्षं ओळखून होतो, तरी माझा अंदाज चुकला. कुणीच विचारलं नाही. तबकडीवाल्यानं पाचव्या मिनिटाला लिहिलं, 'अर्थात. मित्राकडं ऐकलीय. तो तुटलेला शेवट ऐकून आम्ही दोघं काही वेळ बोलूच शकलो नाही.' संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी ऐकलेली निघाली. एकाच्या मते जपानी एडिशनचा आवाज जास्त उबदार होता. परदेशातल्या एकानं ती हातात धरली होती, फक्त विकत घेतली नव्हती, आणि त्याचा पश्चात्ताप त्याला अजून होत होता. जी वस्तू मी दुपारी तीनला जन्माला घातली तिचा या माणसाला अनेक वर्षांपासून पश्चात्ताप होत होता. डॉक्टरीणबाईंनी एवढंच लिहिलं, 'असं का. शोधते.' त्यांना सापडली नसणार, पण त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मी पोट धरून हसलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर सांगता आलं नाही. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की मी ज्यांना हसतोय त्यांचा मी कारभारी आहे.

चार दिवसांनी लिंकवरून एक नवा माणूस आला. आल्या आल्या त्यानं मराठीत लिहिलं. आमच्या ग्रुपात मराठी माणसं सव्वाशे, पण माझे लेख सोडले तर शुद्ध इंग्रजी आणि मोडकी मराठी अशी आमची भाषा, त्यामुळं ते अक्षर डोळ्यात भरलं.

'नमस्कार मंडळी. मी चकलांब्याचा. कारखान्याला ट्रॅक्टर चालवतो, ऊस वाहतो. हा पिवळ्या बादलीच्या फोटोचा अल्बम माझ्याकडं बी हाय. नाव म्हाईत नव्हतं, फोनला ऐकवून काढलं. वरचा लेख वाचला. ती हाक आर्धी ऱ्हाती ते खरं हाय. उसाच्या फडात बाया आशाच हाका मारतात, वारं आसलं की आर्धी हाक येती, आर्धी जाती. कुणाला मारली ते कळत न्हाई. समदे माना वर करून बघतात.'

मी ते तीनदा वाचलं. मला मत्सर वाटला. मी एवढं रकाने भरून लिहिलं होतं आणि त्या माणसानं ते चार ओळींत ऐकवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलं, 'या ग्रुपातलं मी वाचलेलं सगळ्यात चांगलं मत.'

मग ग्रुप त्याच्या अंगावर प्रेमानं धावून गेला. किती खरं, किती कच्चं, किती मातीतलं. एकानं त्याला ट्रॅक्टरचा फोटो मागितला. एकीनं विचारलं की ऊसतोडीच्या गाण्यांचा त्याच्या ऐकण्यावर काय परिणाम झालाय. तो म्हणाला, ट्रॅक्टरला स्पीकर मोठे आहेत, ते बसवल्यापासून ऐकतो. लोकांना हे उत्तरही फार आवडलं. गावाकडचा माणूस चांगलं बोलला की आमच्या लोकांना तो माणूस वाटत नाही, त्यांना तो नवा बँड सापडल्यासारखा वाटतो.

तबकडीवाल्याला मात्र बाईंचं ते वाक्य लागलं होतं. त्यानं विचारलं, 'तुमच्याकडं कुठली एडिशन आहे?'

त्याचं उत्तर आलं, 'चौसाळ्याची.'

हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. लोकांना वाटलं विनोद केला. माझ्या हातातली पावती तशीच राहिली.

पुढं त्यानं सगळं सरळ सांगितलं. चौसाळ्याच्या स्टँडसमोर कार्ड भरून मिळायचं. त्यानं डीजे मागितलं होतं, दुकानदारानं घाईत इंग्लिश दिलं. ऊसतोडीची टोळी पुढं निघाली होती, परत फिरता आलं नाही, तो अख्खा हंगाम त्याच्याकडं दुसरं गाणंच नव्हतं. पहिले पंधरा दिवस त्यानं शिव्या दिल्या, मग ऐकायला लागला. मग त्यानं गाण्यांचा क्रम लिहिला, माझ्याच लेखातला क्रम. शेवटचं गाणं अडीच मिनिटांत तुटतं, तेही लिहिलं. आणि खाली, कुणाला टोमणा मारायचा नाही अशा साधेपणानं, 'जपानचं म्हाईत न्हाई मला. पण हे एबीसीडीनं लागलेलं हाय. आन कार्ड फुल झाल्यामुळं शेवटचं तुटलंय, आसं दुकानदार म्हणला व्हता.'

हसणारी तोंडं लोकांनी एकेक करून काढून घेतली.

तीन माणसांनी जपानी एडिशन ऐकलेली होती. त्यांना आता एकच रस्ता उरला होता आणि तबकडीवाल्यानं तो घेतला. त्यानं लिहिलं की पाहुण्यांनी लेख वाचलाय, अल्बम ऐकलेला नाही. लेखातलाच क्रम उतरवून दिलाय आणि वर आमच्या अभ्यासाची टिंगल केलीय. आपल्याकडं नियम आहे. तिघा कारभाऱ्यांनी रविवारी दुपारी बारापर्यंत मत द्यावं. त्याचं स्वतःचं मत, बाहेर.

डॉक्टरीणबाईंनी लगेच लिहिलं, 'राहू दे. मला तर हाच माणूस खरा वाटतो.'

माझं मत उरलं.

शनिवारी त्या माणसाचा मला वेगळा, एकट्याला मेसेज आला. 'दादा, लेख तुमचा हाय म्हणून इचारतो. तुमी बी तिकडलेच ना? गाण्यांचा तो नंबर दुसरीकडं कुठं नसणार. ग्रुपात हे न्हाई सांगत मी. तुमाला जे बरं वाटंल ते करा. फकस्त मी ऐकल्यालं हाय, एवढं तुमाला तरी ठाव हाय.'

मी उत्तर दिलं नाही. रविवारी सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, दोन पोती खत उतरवून घेतली. स्वतःला बरीच कारणं दिली. त्याला काय फरक पडतो. तो काय इथं राहणारा माणूस आहे का, दोन दिवसांची हौस. उद्या कारखाना सुरू झाला की त्याला फोन बघायला वेळ नाही. माझी मात्र एवढी एकच जागा आहे. बाराला पाच मिनिटं कमी असताना मी लिहिलं, 'बाहेर.' एक शब्द. कारण मी कायम कमी शब्दांत मारायचो, त्याचं लोकांना कौतुक होतं.

तबकडीवाल्यानं त्याला काढलं आणि लगेच नव्या रविवारचा अल्बम ठेवला. डॉक्टरीणबाई त्याच दिवशी आपणहून गेल्या. 

दिवाळी झाल्यावर टोळ्या निघाल्या. तेव्हा आमच्या दुकानात दोरखंड आणि ताडपत्र्या भरपूर खपतात. एका दुपारी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला थांबला. ट्रॉल्यांत भांडी, सरपण, शेळ्या आणि वर माणसं बसलेली. ट्रॅक्टरच्या टपावर स्पीकर होते आणि त्यावर माझं नववं गाणं चाललं होतं.

मी पावतीपुस्तक पुढं ओढलं. ड्रायव्हर खाली उतरला. माझ्याच वयाचा, डोक्याला रुमाल, शर्टाची बाही कोपराशी शिवलेली. तो गल्ल्यासमोर येऊन उभा राहिला.

"दोरखंड पायजे मालक, ट्रॉलीला बांधायला. जाड द्या."

मी उठून दोरखंड ओढायला लागलो. त्याच्याकडं बघितलं नाही.

"त्या मोबाइलवाल्यानं तुमच्याकडं धाडलं," तो म्हणाला.

"दोरीसाठी?"

"दोरी बी घ्यायची व्हती. पर म्या त्याला इचारलं, हितं आसली गाणी कोण ऐकतंय का? तर म्हणला, त्या खताच्या दुकानात इचार."

नववं संपलं आणि शेवटचं सुरू झालं. ट्रॉलीतल्या बाया पानं खात गप्पा मारत होत्या, त्यांना त्या गाण्याची सवय झालेली दिसत होती. एक म्हातारा ठेक्यावर पायाचा अंगठा हलवत होता.

"तुमी ऐकता का मालक?"

ग्रुप तिथं नव्हता. तबकडीवाला नव्हता, बदाम टाकणारे चाळीस जण नव्हते. चौसाळ्यात भर रस्त्यावर, माझ्याच दुकानात, माझ्याच भाषेत मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर तो बहुतेक हसला असता. मग मी आतून खुर्ची काढली असती आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाण्यावर कुणाशीतरी तोंडानं बोललो असतो. पण हो म्हटल्यावर 'बाहेर' कुणी म्हटलं, तेही आलंच असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "मी काय ऐकत न्हाई आसलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं. मला ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि मला कळलंय हे त्यालाही दिसलं असणार. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, नापास होऊन गाडीतून उतरलो तेव्हाही नाही.

"बरं," तो म्हणाला. दोरखंड खांद्यावर टाकला. गाणं शेवटच्या ओळीवर आलं होतं. त्यानं बोट वर केलं, मी गिऱ्हाइकाला थांबवायला करतो तसंच. गायकानं हाक मारायला सुरुवात केली आणि गाणं तुटलं. रस्त्यावर नुसता ट्रॅक्टरचा आवाज राहिला.

"पुढं हाय म्हणतात आजून," तो म्हणाला. "म्या ऐकलं न्हाई. मला हितंच संपलेलं बरं वाटतं. तो माणूस भेटला तर सांगा मालक, लेख चांगला लिव्हलाय म्हणावं. त्या लेखासाठीच गेलतो मी त्या ग्रुपात."

त्यानं पैसे दिले, मी घेतले. तो चढला, गिअर टाकला आणि ट्रॉल्या हलल्या. पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं, आमच्या क्रमातलं, ते हळू. ते बीडच्या बाजूला बराच वेळ ऐकू येत होतं. गिऱ्हाईक युरियाचं विचारत होतं आणि मला त्याला ओ देता येत नव्हती.